जुळ्या ५०२ इंजिनांवर सुपरचार्जर चढवण्याआधी काय उघडून बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बत्तीस फुटी डीप-व्ही बोट, मागे मर्क्रुझरची एचपी ५०० ईएफआय (इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणीची) इंजिनं जोडीनं, म्हणजे प्रत्येकी ५०२ घन इंच आणि ४७० हॉर्सपॉवर. ब्राव्हो वन ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेणारा बोटीमागचा गिअरचा पाय, १.५ चा गिअर, २६ पिचचे पंखे (एका फेऱ्यात हिशेबानं २६ इंच पुढे जाणारे). मिनिटाला ५००० फेऱ्यांना ताशी ७२ मैल मिळतात, इंजिनांवर ३८० तास झालेत. दोन्हींवर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, बसवून ताशी ८५ मैल गाठायचे आहेत. रूट्स, स्क्रू की सेंट्रिफ्यूगल, यांतला कोणता घ्यावा? आणि ड्राइव्ह टिकतील का?

आधी सरळ उत्तर देतो, कारणं मागाहून. ८५ चा हट्ट सोडा, ८० धरून चाला. बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा जादा दाब, सहा पीएसआयच्या (चौरस इंचाला सहा पौंडांच्या) वर नेऊ नका. इंटरकूलर, म्हणजे दाबून तापलेली हवा पाण्यानं थंड करणारा भाग, नसलेला सेट कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. ब्राव्हो वन या कामाला पुरणार नाहीत, त्यांचा खर्च आजच हिशेबात धरा. सुपरचार्जर कोणत्या जातीचा, हा प्रश्न यादीत पाचवा-सहावा येतो. लोक मात्र तोच पहिला विचारतात, कारण हॅच, म्हणजे इंजिनखोलीचं झाकण, उघडल्यावर दिसतो तोच.

वेगाचं गणित आधी उरकू. पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीचा वेग साधारण हॉर्सपॉवरच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. ४७० चे ६०० केले तर ताकद २८ टक्के वाढली, वेग वाढला १३ टक्के, म्हणजे ७२ चे ८१. ८५ हवे असतील तर इंजिनामागे ६५५ लागतात, ९० ला ७३० च्या वर. शेवटचे चार मैल पहिल्या नऊ मैलांइतके स्वस्त कधीच पडत नाहीत. त्यात सुपरचार्जर, इंटरकूलर, ब्रॅकेट आणि नळ्या मिळून प्रत्येक इंजिनावर बऱ्यापैकी वजन चढतं, आणि तेही बोटीच्या अगदी मागच्या टोकाला. ते या गणितात धरलेलंच नाही. म्हणून ८० म्हणालो.

आता मुख्य गोष्ट. सुपरचार्जर हवा कोंबतो हे सगळ्यांना माहीत असतं. हवा कोंबली की ती तापते, हेही ऐकून माहीत असतं. किती तापते ते मात्र कोणी मोजत नाही. तीस अंश सेल्सियसची हवा सहा पीएसआयपर्यंत दाबली, तर जुन्या धाटणीच्या रूट्समधून ती पंच्याऐंशीच्या आसपास तापून बाहेर पडते. चांगल्या स्क्रू सुपरचार्जरमधून पंच्याहत्तरच्या आसपास. सहा पीएसआय म्हणजे दाब ४१ टक्के जास्त. पण हवा तापून फुगलेली असल्यामुळे सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष जादा जाते ती जेमतेम १९ टक्के. तीच हवा इंटरकूलरमधून पंचेचाळीस अंशांवर आणली, की तो आकडा ३४ टक्क्यांवर जातो. सुपरचार्जर फिरवायलाच इंजिनाची पस्तीस-चाळीस हॉर्सपॉवर खर्च होते, ती दोन्हीकडून वजा करा. म्हणजे तेवढाच बूस्ट, तेवढाच पट्टा, तेवढीच झीज, आणि हाती एकदा ५२० येतात तर एकदा ५९०. शिवाय पंच्याऐंशी अंशांच्या हवेवर पेट्रोल ठिणगीची वाट न बघता स्वतःहून पेट घेण्याच्या बेतात असतं. ती तिसरी बाजू वेगळीच.

आणि हे तीस अंश कुठले? हॅच बंद केलेल्या इंजिनखोलीत तासाभरानं हवा पन्नासच्या पुढे गेलेली मी स्वतः मोजली आहे. शंभर रुपयांच्या साध्या थर्मामीटरचा डोळा एअर इनलेटपाशी बांधा, तार वर आणा, आणि एक फेरी मारून या. सहाशे हॉर्सपॉवरचं इंजिन मिनिटाला नऊशे घनफुटांच्या आसपास हवा खातं, तुमची दोन आहेत. बोटीच्या बाजूच्या जाळ्यांतून तेवढी हवा येत नसेल, तर खोलीत थोडी निर्वात ओढ तयार होते. हॅच पूर्ण थ्रॉटलला उचलून बघायला जड लागतो का, हा त्याचा गावठी कस. तो जड लागत असेल तर सुपरचार्जरचे पैसे बाजूला ठेवा आणि आधी हवेची वाट मोठी करा. त्यानं काही हॉर्सपॉवर फुकटात मिळतील.

मोटारवाले मित्र सांगतील की त्यांच्या गाडीवर दहा पीएसआय चालतो आणि काही होत नाही. खरं आहे त्यांचं. गाडीला पूर्ण बूस्ट लागतो तो एका वेळी आठ-दहा सेकंद, मग ब्रेक येतो. बोट म्हणजे संपतच नाही असा घाट, आणि तो तिसऱ्या गिअरमध्ये चढायचा. पंख्यावर भार कायम, उतार कुठेच नाही. चार मिनिटं सलग पूर्ण थ्रॉटल म्हणजे पिस्टनच्या माथ्याला, एक्झॉस्ट व्हॉल्व्हला आणि तेलाला चार मिनिटं सलग भट्टी. म्हणून रस्त्यावरचे आकडे पाण्यावर अर्धे करून वाचावेत.

३८० तास झालेली इंजिनं आहेत, तेव्हा काहीही विकत घेण्याआधी लीकडाउन टेस्ट करा. नुसती कॉम्प्रेशन टेस्ट पुरत नाही. तीत एखादा सिलिंडर तेलामुळे चांगला दिसून जातो. इंजिन गरम असताना प्रत्येक सिलिंडरचा पिस्टन वर आणून हवा भरायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. दहा-बारा टक्क्यांच्या वर कोणताही सिलिंडर गेला, तर त्या इंजिनावर बूस्ट चढवू नये, हा माझा नियम. गळती आहे हे कळलं की कान लावा. तेलाच्या टोपीतून सुस्कारा आला तर रिंगा, एक्झॉस्टमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि थ्रॉटलकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह. पाण्यात बुडबुडे आले तर हेडगॅस्केट, आणि मग पुढचं सगळं थांबवा.

आकडे चांगले आले तरी व्हॉल्व्हचे स्प्रिंग बदलाच. कारण सांगतो. या इंजिनाचा इनटेक व्हॉल्व्ह २.१९ इंच व्यासाचा आहे, म्हणजे त्याची पाठ पावणेचार चौरस इंचांची. तिच्यावर सहा पीएसआय दाब आला की तेवीस पौंडांचा हात व्हॉल्व्हला सतत उघडं ढकलत असतो. नवा स्प्रिंग ते सोसतो. तीन-साडेतीनशे तास तापून नरम पडलेला स्प्रिंग वरच्या फेऱ्यांना व्हॉल्व्ह वेळेवर बसवू शकत नाही, मग व्हॉल्व्ह आसनावर आपटत राहतो आणि एक दिवस त्याचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडतं. त्यानंतर वाचवण्यासारखं फारसं काही उरत नाही. स्प्रिंग काढलेच आहेत तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हही इंकोनेलचे, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचे, घाला. हेड एकदाच उतरवायचा.

पिस्टनबद्दल तुमचं नशीब बरं आहे. तुमच्या इंजिनातले पिस्टन घडीव आहेत आणि कॉम्प्रेशन ८.७५ च्या आसपास, म्हणजे सहा पीएसआय चालण्यासारखं. हाच प्रश्न ४९६ घन इंची इंजिनवाल्यानं विचारला असता तर मी जास्त आवरतं घ्यायला सांगितलं असतं, कारण ते पिस्टन ओतीव आहेत. ओतीव पिस्टन डिटोनेशनच्या, म्हणजे पेट्रोल अवेळी स्फोटासारखं पेटण्याच्या, दोन-चार ठोक्यांत रिंगेजवळच्या पट्टीतून फुटतो. घडीव आधी वाकतो, वितळतो, म्हणजे निदान इशारा तरी देतो. रिंगा उघडल्याच, तर वरच्या रिंगेच्या टोकांमधली फट बूस्टसाठी वाढवायला विसरू नका. ४.४६६ इंचांच्या बोअरला साधारण २७ हजारांश इंच. कमी ठेवली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग सिलिंडर खरवडते.

आता जातीचा प्रश्न.

रूट्स ही सर्वांत जुनी. रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट घेतलं तेव्हा मोटार जन्मायची होती. त्यांचा भाता भट्टी-कारखान्यांत हवा फुंकण्यासाठी वापरात आला. नंतर तो जनरल मोटर्सच्या दोन-स्ट्रोक डिझेलवर बसला. आजही लोक ज्याला सिक्स-सेव्हंटीवन म्हणतात, तो आकडा त्या डिझेलचा आहे, सहा सिलिंडर आणि प्रत्येकी ७१ घन इंच. गंमत म्हणजे हीच डिझेल इंजिनं दुसऱ्या महायुद्धात सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटींत होती. त्यामुळे हा भाता मोटारींमधून बोटीत आला असं जे म्हणतात, ते निम्मंच खरं. रूट्स स्वतः हवा दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो. दाब तयार होतो तो मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा वाटणाऱ्या नळ्यांत, तुंबून, आणि म्हणूनच तो जास्त तापवतो. पण साधा आहे, आवाज छान आहे, आणि उघडला तर कोणाही मिस्त्रीला कळतो.

स्क्रू वरून तसाच दिसतो, पण आतले दोन पीळदार रोटर हवेला आतल्या आतच दाबत नेतात. स्वीडनच्या आल्फ लिशोल्मनं १९३० च्या दशकात ही रचना पुढे आणली. बोटींत व्हिपलचं नाव तुम्ही ऐकलं असेल, ते याच जातीचं. कमी फेऱ्यांपासून बूस्ट हजर, आणि तापमान आटोक्यात.

सेंट्रिफ्यूगल म्हणजे पट्ट्यावर चालणारा, टर्बोचा हवा दाबणारा थंड अर्धा भाग. प्रोचार्जर, व्होर्टेक ही त्यातली ओळखीची नावं. याचा बूस्ट फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ५२०० फेऱ्यांना सहा पीएसआय मिळत असेल तर ३५०० ला पावणेतीनसुद्धा धड मिळत नाही. पुष्कळ जण याला दोष मानतात. तुमच्या बाबतीत मी तो गुण मानतो. तुमच्या ड्राइव्हला सर्वांत जास्त मार बसतो तो बोट पाण्यातून उचलताना, आणि त्या वेळी हा सुपरचार्जर जवळजवळ झोपलेला असतो. शिवाय तो इंजिनाच्या पुढच्या बाजूला बसतो, वरची उंची खात नाही. तुमचा हॅच बंद होईल की नाही, ही काळजी स्क्रू आणि रूट्समध्ये असते. मी असे दोन जण पाहिलेत, ज्यांनी सगळं बसवल्यावर हॅचला भोक पाडलं.

तेव्हा ड्राइव्ह जपायचे असतील आणि बोट बहुतेक वेळ साडेतीन-चार हजारांवर चालत असेल, तर सेंट्रिफ्यूगल घ्या. लाटांत सतत थ्रॉटल मागेपुढे करत चालवायची आणि मधल्या फेऱ्यांची ओढ हवी असेल, तर स्क्रू, पण मग ड्राइव्ह आधी बदला. रूट्स दिसायला आवडत असेल तर जरूर घ्या, मात्र गणितात बसतो असं सांगून घेऊ नका.

एक बारकी गोष्ट. तुमची इंजिनं एकाच दिशेला फिरतात, उलटसुलट फिरतात ते पंखे, आणि ते काम ब्राव्हो ड्राइव्ह करतो. म्हणून दोन्ही बाजूंना एकसारखाच सुपरचार्जर चालेल. सरळ शाफ्टच्या जोड-इंजिनी बोटींत कित्येकदा एक इंजिनच उलटं फिरणारं असतं. तिथे चुकीच्या दिशेचा सुपरचार्जर मागवला की तो शोभेची वस्तू होऊन बसतो.

आता इंधन. इथे माझी स्वतःची चूक सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका जोडीवर मी सुपरचार्जर बसवले. पंप मोठे घातले, इंजेक्टर मोठे घातले, किनाऱ्यावर दाब बघितला तर दगडासारखा स्थिर. पाण्यावर पहिल्या दोन फेऱ्या उत्तम. तिसऱ्या फेरीत पूर्ण थ्रॉटलला चाळीस सेकंद झाल्यावर उजव्या इंजिनाचं हवा-इंधन प्रमाण (एक भाग इंधनाला किती भाग हवा) ११.६ वरून हळूहळू वर सरकू लागलं, म्हणजे इंधन कमी पडू लागलं. १२, १२.५, १३. मी काट्याकडे बघत होतो, पण मला वाटलं सेन्सर भिजला असेल. थ्रॉटल मागे घ्यायला मी आणखी पाच-सहा सेकंद घेतले. धक्क्याला येऊन प्लग काढले. सात नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर बारीक चमकते कण चिकटलेले होते, मीठ-मिरी भुरभुरावी तसे. ते कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असतात. कॅमेरा घातला तर पिस्टनची कड उंदरानं कुरतडल्यासारखी.

दोष होता टाकीच्या तोंडाशी बसवलेल्या अँटी-सायफन व्हॉल्व्हमध्ये. आत एक गोळी, एक स्प्रिंग आणि करंगळीपेक्षाही बारीक भोक. मूळ इंजिनाला पूर्ण थ्रॉटलला ताशी १४५ लिटरच्या आसपास लागत होतं, तेवढं त्यातून जात होतं. बूस्टवर मागणी सव्वादोनशेकडे गेली. पंप ओढत राहिला, नळीत निर्वात वाढली, तापलेलं पेट्रोल नळीतच उकळून बुडबुडे झालं. किनाऱ्यावर भार नसताना हे दिसणं शक्यच नव्हतं. ठणठणीत नवा पंप घातला आणि अडचण पंपाच्या मागे, टाकीत बसलेली. म्हशीला आजार, पखालीला औषध म्हणतात ते हेच.

तेव्हापासून मी पंपाच्या ओढीच्या बाजूला निर्वात मोजणारा काटा लावल्याशिवाय बोट पाण्यात सोडत नाही. तुम्हीही लावा. आणि हो, तो व्हॉल्व्ह काढून फेकून देऊ नका. नळी कुठे फुटली तर टाकीतलं पेट्रोल आपोआप बोटीच्या तळात ओघळू नये म्हणून तो असतो. मोठ्या भोकाचा घ्या किंवा विजेवर उघडणारा घ्या. नळी निदान अर्ध्या इंचाची, आणि तीही बोटीसाठी बनवलेली.

त्याच ओघात सुरक्षेचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात साचते. म्हणून बोटीचा अल्टरनेटर, स्टार्टर, फ्युएल पंप यांच्यातून ठिणगी बाहेर पडू नये अशी रचना असते. मोटारीचे तेच भाग दिसायला तसेच आणि स्वस्त असतात, पण ती रचना त्यांत नसते. सुपरचार्जरच्या सेटमध्ये कोणी मोटारीचा पंप दिला असेल तर तो परत करा. एअर इनलेटवर फ्लेम अरेस्टर (ज्वाला बाहेर पडू न देणारी जाळी) हवाच, शोभेचा उघडा फिल्टर चालणार नाही. आणि ब्लोअर या शब्दानं घोटाळा करून घेऊ नका. बोटीत ब्लोअर म्हणजे तळातली वाफ बाहेर काढणारा पंखा, तो सुरू करण्याआधी चार मिनिटं चालवायचा असतो. तुमचा नवा सुपरचार्जर कितीही मोठा असला तरी ते काम तो करत नाही.

इंटरकूलरला पाणी कुठून द्यायचं, यावर फारसं कोणी बोलत नाही. इंजिनाच्या पाणीपंपातून फाटा काढला तर इंजिनाचं थंड होणं कमी पडतं. म्हणून बहुतेक जण तळातून वेगळा पिकअप घेतात. पण ताशी ८० मैलांनी समोरून पाणी नळीत शिरतं, तेव्हा त्याचा दाब हिशेबानं नव्वद पीएसआयच्या वर जाऊ शकतो. प्रत्यक्षात थोडा कमी भरतो, तरी इंटरकूलरच्या पातळ नळ्या फोडायला तो पुरतो. नळी फुटली की समुद्र सरळ सिलिंडरमध्ये. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आत येणाऱ्या बाजूला अडवणारी चकती किंवा रिलीफ व्हॉल्व्ह, आणि बाहेर जाणारी नळी आत येणारीपेक्षा मोठी. खाऱ्या पाण्यात चालवत असाल तर प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यानं धुवा, आणि हंगामाला एकदा इंटरकूलर काढून दाब देऊन तपासा. तो नुसता वरून बघून काही कळत नाही.

एक्झॉस्टची बाजू. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये थंड करायला पाणी मिसळतात, आणि कमी फेऱ्यांना एक्झॉस्टमधली हवा क्षणभर उलटी धावते. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहण्याचा काळ जास्त असेल तर ती पाण्याचे थेंब सिलिंडरपर्यंत ओढून आणते. कोणी तुम्हाला रेसचा कॅम, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, सुचवला तर नाही म्हणा. सुपरचार्जरला लोबमधलं (कॅमवरच्या उंचवट्यांमधलं) अंतर ११२ ते ११६ अंशांचं असलेला शांत कॅम लागतो, आणि तुमच्या मूळ कॅमवर सहा पीएसआय सुखानं चालतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढलेच तर एक्झॉस्ट पोर्टच्या तोंडाशी हाताचं बोट फिरवून बघा. कोरडी काजळी आली तर ठीक. तांबूस पूड हाताला लागली तर पाणी आधीपासूनच आत येतंय.

ट्यूनिंगमध्ये तुमच्या मूळ ईसीयूची, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची, एक मर्यादा आहे. मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर एक बारचा आहे. वातावरणाच्या दाबापर्यंत तो बघतो, त्याच्या पुढे आंधळा. बूस्ट आला की ईसीयूला वाटतं नुसता थ्रॉटल पूर्ण उघडलाय. म्हणून स्वस्तातले सेट इंधनाचा दाब वाढवणारा रेग्युलेटर लावून वेळ मारून नेतात. तो चालतो, पण अंदाजपंचे चालतो. दोन बारचा सेन्सर आणि त्याला साजेसं कॅलिब्रेशन घ्या. बूस्टमध्ये हवा-इंधन प्रमाण साडेअकराच्या आसपास, आणि ठिणगी दर पीएसआयमागे एक अंश मागे, म्हणजे तेवढी उशिरा, ही सुरुवात. प्लग एक-दोन पायऱ्या थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारे, फट ३० ते ३५ हजारांश इंच. ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टच्या कोरड्या भागातच बसवा. एक शिंतोडा पडला की तो खोटं बोलायला लागतो. मी उजव्या इंजिनाच्या वेळी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, ते याच अनुभवामुळे, आणि नेमका त्या दिवशी तो खरं बोलत होता.

ड्राइव्ह. ४७० हॉर्सपॉवरलाच साधा ब्राव्हो वन काठावर असतो. मर्क्युरी रेसिंगनं स्वतः ५०२ वर स्क्रू सुपरचार्जर बसवून ६०० एससीआय नावाचं इंजिन काढलं, तेव्हा त्याच्यामागे एक्सआर, म्हणजे ब्राव्होचाच जास्त मजबूत ड्राइव्ह, दिला. ज्यांनी ड्राइव्ह बनवला त्यांनीच साधा लावला नाही, तर आपण कशाला लावायचा? सपाट पाण्यात, हलक्या हातानं, सेंट्रिफ्यूगलवर साधा ड्राइव्ह एखादा हंगाम काढेलही. लाटेवरून बोट उडाली, पंखा हवेत मोकळा फिरला आणि पूर्ण थ्रॉटलमध्येच परत पाण्यात आपटला, की वरचे गिअर किंवा उभा शाफ्ट जातो. त्यामुळे ड्राइव्ह कोणताही असो, हवेत गेल्यावर थ्रॉटल मागे घ्यायची सवय त्याचं आयुष्य ठरवते. ड्राइव्हवर पाणी शिंपडणारी शॉवर नळी लावा, वरच्या गिअरचं तेल त्यानं खरंच थंड राहतं.

पंखे बदलावेच लागतील. २६ पिच, १.५ गिअर, ५००० फेरे, बारा टक्के घसरण (पंखा पाण्यात निसटून वाया जाणारा भाग) धरली तर हिशेब बरोबर तुमच्या ७२ वर येतो, म्हणजे तुमचा सेट आत्ता नीट जुळलेला आहे. ८० ला २८ पिच घातला तर फेरे ५१५० च्या आसपास जातात, ३० घातला तर ४८०० च्या. मी २८ पासून सुरू करतो. जड पंख्यावर इंजिन दमवणं हा बूस्टवर डिटोनेशन ओढवून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

जाता जाता एक गोष्ट, तुम्ही विचारली नाही तरी. मर्क्युरीनं २००४ मध्ये व्हेराडो आउटबोर्ड काढले ते सुपरचार्जरसकट, २.६ लिटरचे सहा सिलिंडर. २०१८ मध्ये त्याच ताकदीसाठी ४.६ लिटरचं व्ही-८ आणलं, सुपरचार्जर न लावता. जागा असेल तर मोठं इंजिन हा आजही सर्वांत कमी कटकटीचा सुपरचार्जर आहे. तुमची इंजिनं लीकडाउनमध्ये नापास झाली आणि तशीही उघडावी लागली, तर ५०२ चा स्ट्रोक वाढवून ५४० च्या आसपास नेण्याचाही भाव काढून बघा.

सगळं बसवून झाल्यावर पहिल्या दिवशी बूस्ट निम्म्यावर ठेवा, मोठी पुली लावून. दोन्ही इंजिनांचे बूस्ट काटे शेजारी शेजारी बसवा. एकावर सहा आणि दुसऱ्यावर पाच दिसला तर बहुधा पट्टा घसरतोय. हॅच उघडलात की पुलीभोवती काळी पूड पडलेली दिसेल. ॲलाइनमेंट बघा, लगेच ताण वाढवू नका, कारण जादा ताणलेला पट्टा क्रँकच्या पुढच्या बेअरिंगला खातो. तेलाचं तापमान बघा, १२० सेल्सियसच्या वर जात असेल तर कूलर मोठा करा. दहा-दहा सेकंदांच्या धावा घ्या, मग वीस, मग चाळीस. प्रत्येक धावेनंतर पूर्ण थ्रॉटलवरूनच इंजिन बंद करा, बोट तरंगत थांबू द्या आणि दोन्ही इंजिनांचे सातव्या-आठव्या सिलिंडरचे प्लग काढून भिंगाखाली बघा. पांढऱ्यावर चमकता कण दिसला, एक जरी, तर त्या दिवशी बोट ओढून परत आणा.

पहिले दहा तास झाले की तेल बदला, फिल्टर कापून उघडा, कागद उन्हात पसरा आणि लोहचुंबक फिरवा. त्यानंतर दर पंचवीस तासांनी.